डीएसएस-१३: रेडिओच्या डिशमध्ये बसवलेले सात आरसे

कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात, बारस्टो गावाच्या उत्तरेला, नासाचे गोल्डस्टोन केंद्र आहे. तिथली डीएसएस-१३ ही ३४ मीटर व्यासाची अँटेना रोजच्या पाळीत काम करत नाही. नवे तंत्र आधी तिच्यावर बसवून पाहायचे आणि जमले तर बाकीच्या अँटेनांवर न्यायचे, यासाठी ती राखून ठेवली आहे. डिशच्या मधल्या भोकातून रेडिओ लहरी आरशांच्या मालिकेने खाली रिसीव्हरच्या खोलीपर्यंत आणायची बीम वेव्हगाइड पद्धत डीप स्पेस नेटवर्कने (दूरच्या यानांशी बोलणाऱ्या नासाच्या अँटेनांच्या जाळ्याने) १९९० च्या सुमारास पहिल्यांदा इथेच उभी केली. नोव्हेंबर २०२३ पासून हीच डिश रेडिओच्या जोडीला खोल अंतराळातून आलेला लेसरही पकडू लागली.

लेसर पाठवणारे यान होते सायकी, त्याच नावाच्या लघुग्रहाकडे निघालेले नासाचे यान. ते १३ ऑक्टोबर २०२३ रोजी निघाले. त्याच्यावर डीएसओसी (डीप स्पेस ऑप्टिकल कम्युनिकेशन्स) नावाचा लेसर-संपर्काचा प्रयोग होता: २२ सेंटिमीटरची दुर्बीण, १५५० नॅनोमीटरचा लेसर, सरासरी ४ वॉट ताकद. जमिनीवर कॅलिफोर्नियातल्याच टेबल माउंटन इथल्या एक मीटरच्या दुर्बिणीतून १०६४ नॅनोमीटरचा किलोवॉटच्या पातळीवरचा लेसर वर जायचा. यान त्याला दिवादांडी मानून आपला झोत पृथ्वीकडे रोखायचे. परतीचा प्रकाश टिपायचे मुख्य काम कॅलिफोर्नियातल्याच पालोमार वेधशाळेच्या ५.१ मीटरच्या हेल दुर्बिणीकडे होते. डीएसएस-१३ हे तिसरे ठिकाण, आणि अभियांत्रिकीच्या नजरेने तिघांत सर्वांत अवघड. बाकी दोन ठिकाणी दुर्बिणीचे काम दुर्बिणीकडूनच करून घेतले होते. इथे ते रेडिओच्या डिशकडून करून घ्यायचे होते.

निकाल आधी सांगून टाकतो. २०२३ च्या अखेरीस यान ३.२ कोटी किलोमीटरवर असताना या डिशने लेसरवरून सेकंदाला १५.६३ मेगाबिट वेगाने माहिती उतरवली. नासाच्या सांगण्याप्रमाणे त्या अंतरावर रेडिओने जमले असते त्याच्या हा सुमारे ४० पट वेग. १ जानेवारी २०२४ रोजी, उड्डाणाआधीच यानावर चढवून ठेवलेले चमूचे छायाचित्र याच मार्गाने खाली आले. खोल अंतराळातल्या यानाचा रेडिओ आणि लेसर एकाच डिशने एकाच वेळी घेण्याची ही पहिली वेळ होती.

नेमके काय बसवले

डिशच्या आतल्या पृष्ठभागावर सात षटकोनी आरसे जोडले. सगळे मिळून एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीइतका प्रकाश गोळा करतात. म्हणजे एका आरशाच्या वाट्याला साधारण ०.११ चौरस मीटर. प्रत्येक आरसा आपल्या वाट्याचा प्रकाश वर, मधोमध टांगलेल्या सबरिफ्लेक्टरला (डिशने गोळा केलेल्या रेडिओ लहरी खाली वळवणाऱ्या छोट्या परावर्तकाला) जोडलेल्या कॅमेऱ्याकडे फेकतो. तिथून प्रकाश ऑप्टिकल फायबरमध्ये शिरतो आणि खाली अतिशीत ठेवलेल्या सुपरकंडक्टिंग नॅनोवायर डिटेक्टरपर्यंत जातो. हा डिटेक्टर नासाच्या जेपीएल (जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी) संस्थेच्या मायक्रोडिव्हाइसेस प्रयोगशाळेत बनला. तो एकेक फोटॉन मोजतो. पालोमारलाही तसाच बसवला आहे.

हे षटकोन पाहून जेम्स वेब दुर्बिणीची आठवण होते, पण साम्य दिसण्यापुरतेच आहे. वेबच्या आरशांना एकमेकांशी तरंगलांबीच्या लहानशा अंशापर्यंत जुळून राहावे लागते, कारण तिथे स्वच्छ प्रतिमा हवी असते. इथे प्रतिमेशी कर्तव्य नाही. सातही आरशांचे ठिपके फायबरच्या तोंडावर एकावर एक पडले, की झाले. त्यांच्यात पुढेमागे काही मिलिमीटर फरक पडला, तरी फोटॉन पोचायच्या वेळेत दहा-वीस पिकोसेकंदांचाच फरक येतो. डीएसओसीच्या सर्वांत अरुंद कालखंडाची (प्रकाशाचे स्पंदन ज्यात येते त्या वेळेच्या खणाची) रुंदी अर्धा नॅनोसेकंद आहे, त्यापुढे हा फरक नगण्य. आरशांची उंची सैल ठेवता आली, म्हणूनच मुळात हे डिशच्या पृष्ठभागावर जमले. कल मात्र सैल ठेवता येत नाही, आणि पुढची सगळी डोकेदुखी त्या कलाचीच आहे.

रेडिओच्या बाजूने तोटा किती? सात आरशांचे मिळून ०.८ चौरस मीटरही होत नाही आणि डिश ९०० चौरस मीटरची. एक हजारांश भागही झाकला जात नाही. पुढे कधी मधला ८ मीटरचा भाग आरशांनी भरला, तर ५.५ टक्के क्षेत्र रेडिओच्या कामातून जाईल आणि लाभ (एका दिशेचा संकेत गोळा करायची डिशची ताकद) सरळ हिशेबाने अर्धा डेसिबल, म्हणजे सुमारे ११ टक्के, घटेल. प्रत्यक्षात त्याहून कमी घटेल, कारण त्यातला मधला थोडा भाग आधीच सबरिफ्लेक्टरच्या सावलीत असतो.

रोखण्याचे दोन हिशेब

३४ मीटरच्या डिशचा ८.४ गिगाहर्ट्झवरचा, म्हणजे एक्स पट्ट्यातला झोत सुमारे ०.०६६ अंश रुंद असतो. सायकीचा रेडिओ याच पट्ट्यात बोलतो. ३२ गिगाहर्ट्झच्या केए पट्ट्यात तो ०.०१७ अंशावर, म्हणजे सुमारे ६१ आर्कसेकंदांवर येतो (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). अशी डिश नुसत्या गणितावर, कुठलाही संकेत न पाहता रोखली आणि ५ मिलिडिग्री, म्हणजे ०.००५ अंश, चूक राहिली असे धरा. एक्स पट्ट्यात ही चूक जाणवतही नाही. केए पट्ट्यात साधारण एक डेसिबल जातो. दुखते, पण चालते.

तीच ५ मिलिडिग्री म्हणजे १८ आर्कसेकंद. वाळवंटातली हवा ताऱ्याचा ठिपका रात्री दोन-तीन आर्कसेकंद पसरवते आणि दुपारी त्याहून बरीच जास्त, असे धरून चालावे. फायबरला दिसणारे क्षेत्र दहा आर्कसेकंद ठेवले, तर मध्यापासून काठ पाचच आर्कसेकंदांवर येतो. १८ आर्कसेकंदांची चूक म्हणजे लेसर पूर्ण बाहेर. रेडिओवाले जिला उत्तम रोख म्हणतात, तिच्यात प्रकाशाचा एक फोटॉनही पदरात पडत नाही.

यावर पहिले सुचणारे उत्तर म्हणजे रेडिओचाच आधार घेणे. यानाचा रेडिओ संकेत येतोच आहे. मोनोपल्स किंवा कोनिकल स्कॅनने (संकेताचा जोर कोणत्या बाजूला जास्त ते पाहून मध्य शोधायच्या पद्धतींनी) त्याच्या मध्यावर कुलूप लावले की डिश यानाकडे नेमकी रोखली जाईल आणि आरसे डिशलाच जोडलेले असल्यामुळे प्रकाशही आपोआप सापडेल. कागदावर हे सुंदर दिसते. प्रत्यक्षात ते दोन कारणांनी फसते. त्यातले एक यांत्रिक आहे आणि दुसरे हवेतले. हवेतले कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून ते आधी.

वातावरणात शिरताना किरण वाकतो. किती वाकेल ते हवेच्या अपवर्तनांकावर ठरते. कोरड्या हवेसाठी रेडिओ आणि प्रकाश यांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा आहे. पाण्याची वाफ मात्र रेडिओला बरीच वाकवते आणि प्रकाशाला फारशी नाही. गोल्डस्टोनसारख्या, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास उंचीवरच्या ठिकाणी तापमान ३०० केल्विन आणि बाष्पदाब ८ मिलिबार धरा. अपवर्तनांकात वाफेचा वाटा सुमारे ३३ एन-एकके (म्हणजे दशलक्षांश) येतो. क्षितिजापासून ४५ अंशांवर रेडिओ आणि प्रकाश यांच्या दिशांत ७ आर्कसेकंदांचा फरक पडतो. २० अंशांवर तो १९ आर्कसेकंद होतो. यान एकच, क्षण एकच, पण रेडिओ एका दिशेने येतो आणि लेसर दुसऱ्या. रेडिओच्या मध्यावर परिपूर्ण कुलूप लावले, तरी प्रकाश फायबरच्या बाहेरच पडणार.

वाळवंटाची कोरडी हवा म्हणूनच आकडा इतका लहान आहे. बंगळुरूजवळच्या ब्यालालू इथे इस्रोची ३२ मीटरची अँटेना आहे. मंगळयान आणि चांद्रयानांचे संकेत तिने घेतले आहेत. तिथे पावसाळ्यात बाष्पदाब २२ मिलिबार धरला, तर २० अंश उंचीवर हाच फरक ५० आर्कसेकंदांच्या वर जातो. ३४ मीटर डिशच्या केए झोताच्या जवळजवळ पूर्ण रुंदीइतका. भारतात असा जोडप्रकल्प मांडताना ढगांची चर्चा सगळेच करतील. या फरकाचे कोष्टक मात्र वेगळे ठेवावे लागेल आणि त्यात जमिनीवरचा बाष्पदाब दर काही मिनिटांनी भरावा लागेल.

सांगाडा वाकतो तेव्हा

आता यांत्रिक बाजू. केए पट्ट्यासाठी डिशचा पृष्ठभाग आदर्श आकारापासून सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आत असला की भागते. आरशाचा कल ५ मायक्रोरेडियनने बदलला, तर परावर्तित किरण १० मायक्रोरेडियनने, म्हणजे दोन आर्कसेकंदांनी सरकतो. चाळीस सेंटिमीटरच्या आरशाला इतका कल द्यायला त्याची एक कड फक्त २ मायक्रॉन उचलावी लागते. एक मीटर लांबीचा पोलादी दांडा एका अंशाने तापला की १२ मायक्रॉन वाढतो. सकाळी डिशच्या एका अंगाला ऊन असते आणि दुसरे अंग सावलीत. दोन्हीकडच्या पोलादात पाच-सात अंशांचा फरक सहज पडतो.

त्यावर गुरुत्वाचे वजन. डिश क्षितिजाकडून डोक्यावर येते तसा सांगाडा वेगळा वाकतो. रेडिओसाठी यावर जुना इलाज आहे: सबरिफ्लेक्टर उंचीच्या कोनानुसार काही मिलिमीटर सरकवायचा. पण इथे कॅमेरा त्याच सबरिफ्लेक्टरला जोडलेला आहे. रेडिओसाठी सबरिफ्लेक्टर एक मिलिमीटर बाजूला सरकवला, तर आरशांपासून बारा मीटर अंतर धरून प्रकाशाची दिशा ८० मायक्रोरेडियनने, म्हणजे १७ आर्कसेकंदांनी हलते. रेडिओच्या माणसाने केलेली नेहमीची दुरुस्ती प्रकाशाच्या माणसाचा ठिपका घालवते. त्यामुळे सबरिफ्लेक्टरची प्रत्येक हालचाल प्रकाशाच्या रोख-गणितात जावी लागते, नाहीतर सत्र चालू असताना तिला मनाई करावी लागते.

तिसरा त्रास वाऱ्याचा. ३४ मीटरच्या डिशची सर्वांत खालची कंपन-वारंवारता दोन हर्ट्झच्या आसपास असते. झुळूक आली की डिश त्या ठेक्यावर डुलते आणि मोटारींचे नियंत्रण तेवढ्या वेगाने तिला आवरू शकत नाही. आवरायला गेले तर उलट कंपन वाढते. ही डुलकी काढायची तर प्रकाशमार्गात एक छोटा, चपळ हलणारा आरसा किंवा खुद्द सात आरशांचेच कल-नियंत्रण लागते, आणि त्याला दिशा दाखवायला सेकंदाला किमान वीस-तीस वेळा ठिपका पाहणारा डोळा.

जेपीएलच्या अभियंत्यांनी या यंत्रणेचे वर्णन ३४ मीटरच्या लवचीक सांगाड्यावर बांधलेली, चुका बऱ्याच सहन करणारी प्रकाशयंत्रणा असे केले आहे, आणि आरसे, संवेदक व कॅमेरे मिळून लेसरला सक्रियपणे जुळवत फायबरमध्ये नेतात असे सांगितले आहे. ‘सक्रियपणे’ हा शब्द महत्त्वाचा. एकदा जुळवून सोडून द्यायची ही गोष्टच नाही.

फोटॉन पुरतात का

डोळ्याला दिसायला प्रकाश हवा. ४ वॉट, २२ सेंटिमीटर, १५५० नॅनोमीटर यांवरून ३.२ कोटी किलोमीटरवर आदर्श स्थितीत दर चौरस मीटरला सुमारे ६×१०⁻¹¹ वॉट येतात. एक मीटरच्या गोळाबेरजेत सेकंदाला ३८ कोटी फोटॉन. यानावरची घट, रोखातली घट, हवा, आरसे, फायबर हे सगळे जाऊन दहावा हिस्सा उरला, तर ३.८ कोटी. १५.६३ मेगाबिटला भागले तर बिटामागे अडीच फोटॉनांच्या आतच येतात. डीएसओसीत माहिती स्पंदनाच्या स्थानात लपवलेली असते: स्पंदन कितव्या कालखंडात आले, यावर एकदम अनेक बिट कळतात. वर दमदार चूक-दुरुस्ती कोड. म्हणून इतक्या कमी फोटॉनांत निभावते.

ताऱ्यांच्या भाषेत सांगायचे, तर त्या अंतरावर हा लेसर अवरक्त एच पट्ट्यातल्या (१६०० नॅनोमीटरच्या आसपासच्या) साधारण दुसऱ्या प्रतीच्या ताऱ्याइतका ठळक होता. कॅमेऱ्याला हे लक्ष्य सोपे. आलेल्या प्रकाशातला दहा टक्के भाग रोखणीसाठी वळवला आणि सेकंदाला ३० चौकटी घेतल्या, तरी प्रत्येक चौकटीत सव्वा लाख फोटॉन मिळतात.

मंगळ पृथ्वीपासून सर्वांत दूर असतो ते अंतर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या अडीच पटींहून थोडे जास्त, धरले की चित्र बदलते. जून २०२४ मध्ये सायकी ३९ कोटी किलोमीटरवर होते आणि तिथूनही डीएसओसीने सेकंदाला ६.२५ मेगाबिट खाली पाठवून दाखवले. ३.२ कोटींच्या तुलनेत तिथे प्रकाश सुमारे १४८ पटींनी कमी. वरच्याच हिशेबाने एक मीटरच्या वाट्याला सेकंदाला अडीच लाख फोटॉन, रोखणीला त्यातले पंचवीस हजार, ३० चौकटींत वाटले तर चौकटीमागे साडेआठशे, आणि सात आरशांत वाटले तर ठिपक्यामागे सव्वाशेच्याही खाली. अवरक्त कॅमेऱ्याची स्वतःची खरखर यात मिसळली की ठिपक्याचा मध्य डळमळू लागतो. चौकट जास्त वेळ उघडी ठेवावी, तर दोन हर्ट्झची डुलकी पकडता येत नाही. वेगाने पाहावे, तर काही दिसत नाही. संकरित अँटेनेची खरी मर्यादा इथे आहे. ती आरशाच्या क्षेत्रफळाने ठरत नाही. कमी प्रकाशात किती वेगाने डोळा उघडझाप करू शकतो, यावर ती ठरते.

आणखी एक गंमत भूमितीची. २२ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून १५५० नॅनोमीटरचा झोत सुमारे ७ मायक्रोरेडियन पसरतो. ३.२ कोटी किलोमीटरवरून पृथ्वीवर पडणारा त्याचा ठिपका जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर रुंद. गोल्डस्टोन आणि पालोमार यांच्यात उत्तर-दक्षिण सुमारे २१० किलोमीटर अंतर आहे. झोताचा मध्य एकावर ठेवला, की दुसरे ठिकाण त्याच्या काठाबाहेर जाते. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत ‘आज झोत कोणासाठी’ हे आधी ठरवावे लागणे भागच होते. रेडिओच्या वेळापत्रकाला ही सवय नाही, कारण रेडिओचा झोत अख्ख्या पृथ्वीला पुरून उरतो. यान दूर गेले तसा ठिपका रुंदावला आणि ही अडचण आपोआप मागे पडली.

ऊन

रेडिओ डिशला पांढरा, प्रकाश विखुरणारा रंग उगाच देत नाहीत. ३४ मीटरची चकचकीत वाटी सूर्याकडे फिरली तर वरचा सबरिफ्लेक्टर वितळेल. डीप स्पेस नेटवर्कच्या डिश सूर्याच्या काही अंशांवर असलेल्या यानांचाही माग काढतात आणि रंगामुळेच त्यांना ते परवडते. आरसे बसवले, की तेवढ्या भागापुरते हे संरक्षण गेले.

सात आरशांवर मिळून सुमारे ७५० वॉट ऊन पडते. बारा मीटर अंतर धरले तर सूर्याची प्रतिमा ११ सेंटिमीटर रुंद येते, म्हणजे साध्या उन्हाच्या पाऊणशे पट तीव्र. फायबरचे तोंड, कॅमेऱ्याचा सेन्सर, चिकटवलेले भाग या प्रकाशात टिकणार नाहीत. सूर्य डिशच्या रोखापासून दोन अंश बाजूला असला, तरी प्रतिमा कॅमेऱ्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर, एखाद्या केबलवर किंवा आधाराच्या पायावर पडते. म्हणून सूर्यापासून किती अंशांच्या आत आरसे उघडे ठेवायचे नाहीत ही मर्यादा डिशच्या नियंत्रणातच घालावी लागते. ती रेडिओच्या सत्रांनाही लागू होते, कारण रेडिओवाल्यांनी डिश सूर्याकडे नेली तर आरसे तिच्याबरोबरच जातात. इतर वेळी आरसे झाकणे किंवा त्यांचे ठिपके मुद्दाम कॅमेऱ्याबाहेर वळवून ठेवणे, हे दोनच पर्याय. झाकण जास्त भरवशाचे. वळवलेला आरसा वीज गेली की कुठे राहील, याचा नेम नाही.

सत्राचा क्रम

अशा जोडयंत्रणेवर सत्र लावायचे तर क्रम साधारण असा लागतो, आणि तो उलटापालटा केला की वेळ वाया जातो.

आधी तारा. यानाच्या मार्गाजवळचा, एच पट्ट्यात दुसऱ्या प्रतीहून ठळक असा एक घ्यायचा. सातही आरशांचे ठिपके कॅमेऱ्यात मुद्दाम वेगवेगळे पसरवायचे, प्रत्येकाची जागा नोंदवायची आणि मग एकेक करून मध्यावर आणायचे. हे पसरवणे टाळू नये. सातही ठिपके एकदा एकावर एक बसले, की नंतर कोणता सरकला ते कॅमेऱ्याला कळत नाही. फक्त ठिपका थोडा फुगलेला दिसतो आणि फायबरमधली मोजणी उतरते. सत्र चालू असताना तो शोधायचा तर एकेका आरशाला ठरलेल्या लहान कलाने हलवून मोजणी वाढते की घटते हे पाहायचे. सात आरशांना ते पुरते.

मग डिश यानाकडे. रेडिओचे कुलूप लागले, की यान जिथे असायला हवे तिथे आहे आणि घड्याळे व कक्षेचे गणित ठीक आहेत, एवढी खात्री होते. रेडिओचा उपयोग इथे खात्रीपुरता आहे, रोखापुरता नाही. अपवर्तनाचा फरक त्या वेळच्या बाष्पदाबावरून काढून प्रकाशाच्या रोखात मिळवायचा आणि कॅमेऱ्यात ठिपका शोधायचा. दिसला नाही, तर शोध उंचीच्या दिशेने आधी घ्यावा. बाष्पाची चूक आणि गुरुत्वाचा वाक, दोन्ही मुख्यतः उंचीच्याच दिशेने असतात. त्यामुळे गोल गोल शोधण्यात वेळ जातो.

ठिपका सापडला आणि फायबरमध्ये शिरला, की पुढे फिल्टर. दिवसा आकाशाचा उजेड रोखायला अतिशय अरुंद फिल्टर लागतो. यान सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर त्या वेगामुळे (डॉप्लर परिणामाने) १५५० नॅनोमीटरची तरंगलांबी ०.१५ नॅनोमीटरने सरकते. फिल्टरची रुंदी याच पातळीची असेल, तर डॉप्लरचे गणित न घालता लावलेला फिल्टर लेसरलाच अडवतो. कॅमेऱ्यात ठिपका छान दिसतो आणि डिटेक्टर मात्र गप्प. असे झाले तर आधी फिल्टरकडे पाहावे, आरशांना हात लावू नये.

फायबरच्या निवडीतही एक खाच आहे. जाड, एकसारख्या गाभ्याच्या मल्टिमोड फायबरमध्ये किरण वेगवेगळ्या वाटांनी जातात. ०.२२ न्यूमेरिकल अ‍ॅपर्चरच्या (फायबर किती रुंद कोनातला प्रकाश आत घेतो त्याचे माप) फायबरमध्ये त्यांचा वेळ मीटरमागे सुमारे ५५ पिकोसेकंदांनी फाकतो. सबरिफ्लेक्टरपासून खालपर्यंत, डिशच्या दोन्ही फिरत्या अक्षांवरची गुंडाळी धरून, पन्नास मीटर झाले तर पावणेतीन नॅनोसेकंद. अर्ध्या नॅनोसेकंदाचे कालखंड यात पार मिसळून जातात. म्हणून इथे श्रेणीबद्ध घडणीचा (गाभ्याचा अपवर्तनांक मध्यापासून काठाकडे हळूहळू घटणारा) फायबर तरी हवा, नाहीतर रुंद कालखंड वापरून वेग कमी करणे आले.

आठ मीटरकडे

पुढचा बेत ६४ मोठ्या आरशांचा, ८ मीटर दुर्बिणीच्या ताकदीचा आहे. क्षेत्रफळ ६४ पट म्हणजे प्रकाश १८ डेसिबलने जास्त, आणि मंगळाच्या अंतराची वर मांडलेली तंगी मिटते. वेगळी ८ मीटरची दुर्बीण बांधायची तर घुमट, पाया, फिरवणी, रस्ता, वीज, माणसे सगळे नव्याने लागते. डिशकडे ते आधीच आहे. शिवाय यानाचा रेडिओ घेत असताना लेसर त्याच वेळेत मिळतो, जास्तीचे सत्र लागत नाही. गोल्डस्टोनला डीएसएस-२३ या नव्या अँटेनेचे काम फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाले, तेव्हाच तिच्यात लेसरसाठी आरसे असतील असे नासाने जाहीर केले होते.

पण जागेचा प्रश्न तसाच राहतो आणि आमच्या मते त्याची पुरेशी चर्चा होत नाही. रेडिओची अँटेना डोंगरांनी वेढलेल्या वाटीत ठेवतात, म्हणजे बाहेरचा गोंगाट अडतो. दुर्बीण डोंगराच्या माथ्यावर ठेवतात, म्हणजे तापलेली जमीन आणि धूळ खाली राहते. पालोमार १७०० मीटरवर आहे ते म्हणूनच. डिशमध्ये बसवलेली दुर्बीण रेडिओची जागा पदरात घेऊनच जन्माला येते. दुपारी तापलेल्या वाळवंटाच्या वर तिचा ठिपका फुगणारच. ढगांचे वेगळे: ते आले की लेसर बंद, रेडिओ चालू, आणि तेवढ्यासाठी तरी दोन्ही एकाच ठिकाणी असणे सोयीचे आहे.

मोठे करताना फायबरही आडवा येतो. दुर्बिणीचा व्यास गुणिले तिला दिसणारा कोन, हा गुणाकार फायबरच्या जाडी-कोनाच्या गुणाकारात मावला पाहिजे. त्याला बगल नाही. एक मीटर आणि दहा आर्कसेकंद असेल, तर २०० मायक्रॉनच्या फायबरमध्ये तो आरामात मावतो. आठ मीटर आणि तेच दहा आर्कसेकंद ठेवले, तर ०.२२ अ‍ॅपर्चरला ८८० मायक्रॉन जाडी हवी, आणि खाली एक केल्विनच्या आसपास ठेवलेला डिटेक्टरही त्या मानाने मोठा. कोन तीन आर्कसेकंदांवर आणला, तर २६५ मायक्रॉनमध्ये भागते, पण मग दुपारचा फुगलेला ठिपका बाहेर सांडतो आणि रोखाला चूक करायला जागाच उरत नाही. दिसणारा कोन वाढवला, की दिवसाच्या आकाशाचा उजेडही त्याच्या वर्गाने आत येतो. दिवसाची आणि रात्रीची सत्रे वेगळ्या फायबरवर घ्यावी लागली, तर नवल नाही.

उन्हाचा आकडाही त्याच प्रमाणात वाढतो: आठ मीटरच्या आरशांवर सुमारे ५० किलोवॉट. तिथे झाकण ही सोय राहत नाही, सुरक्षायंत्रणा होते. तिची चाचणी लेसरच्या पहिल्या सत्राआधी व्हायला हवी.

६४ तुकड्यांचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. एक आरसा बिघडला, त्याची मोटार अडली किंवा त्याच्यावरचा लेप उडाला, तरी प्रकाश फक्त दीड टक्क्याने घटतो. अख्खी दुर्बीण बंद ठेवून आरसा लेपायला पाठवायची वेळ येत नाही. चार-पाच तुकडे आधीच लेपून शिल्लक ठेवायचे, डिश क्षितिजाकडे झुकवलेली असताना एकेक बदलायचा आणि बदललेला तुकडा त्याच रात्री ताऱ्यावर जुळवायचा. वाळवंटाच्या धुळीत, उघड्या वाटीत हे काम वर्षभर चालू राहणार आहे. त्यामुळे आरशांची पकड स्क्रू चार आणि जोडणी एक, इतकी सोपी ठेवण्यावर आधीच खर्च करावा.